बक्षिसाचं ताट

बाबांचं जेवण संपलं हे आम्हाला स्वयंपाकघरात पाठमोरं बसूनही कळायचं. वाटीच्या तळाशी राहिलेली कढी ते वाटी तोंडाला लावून ओढून घेत, त्याचा लांब फुरका ऐकू यायचा. मग बोटं चाटल्याचा आवाज, एकेक बोट, अंगठा सर्वांत शेवटी. मग ढेकर, आणि ढेकरेच्या शेपटाला धरून आलेलं देवाचं नाव. मग पाट मागे सरकल्याची खरड. आणि त्या खरडीपाठोपाठ आक्काची हाक, "गोदे, बस आता. ताट वाळून राहिलं." ताट वाळू नये म्हणून माझी आई बसायची. बाबांच्या पाटावर नव्हे, पाटाशेजारी जमिनीवर. पण ताट बाबांचंच, जसंच्या तसं, न धुतलेलं.

त्या ताटात काय असायचं ते मी तुम्हाला सांगणार आहे, मुक्ता आणि ईशान, आणि तुम्ही नाक मुरडलं तरी पुढे वाचायचं आहे. चावून चोथा केलेल्या शेवग्याच्या शेंगा कडेला रचलेल्या असायच्या. कढीपत्त्याची चोखलेली पानं, मिरचीची देठं. मधोमध भाकरीचा आणि वरणाचा कालवून अर्धवट सोडलेला काला, त्यात बोटांचे खड्डे. बाबांच्या हिरड्या कायम सुजलेल्या असत, त्यामुळे दातानं तोडलेल्या भाकरीच्या तुकड्याला गुलाबी कड असायची. वरणात कधी मिशीचा एखादा पांढरा केस. आई चोथे करंगळीनं एका बाजूला सारायची, गुलाबी कडेचा तुकडा सर्वांत आधी उचलून तोंडात टाकायची, बहुधा पुढे पाहायला लागू नये म्हणून, आणि मग स्वतःसाठी गरम भाजी वाढून घ्यायची. गरम भाजी त्याच काल्यावर. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला मधेच थांबावं लागलं. मी उठून पाणी पिऊन आले.

माझ्या घरातल्या माठावरचं लांब दांड्याचं ओगराळं पाहून तुम्ही दोघं हसता. प्रत्येक भाजीला वेगळा डाव, लोणच्याच्या बरणीत कोरडाच चमचा, पेल्याला ओठ न लावता पाणी प्यायचं, हे सगळं तुम्हाला आजीचं खूळ वाटतं. असेल. पण गेल्या आठवड्यात मुक्तानं फोनवर विचारलं, "आजी, आम्हाला फिलॉसॉफीचा निबंध लिहायचाय. एक मत मांडायचं, त्यावरचे आक्षेप घ्यायचे आणि त्यांना उत्तरं द्यायची. तू लिहिला होतास का कधी असा?" तेव्हा मी म्हटलं, एक लिहिला होता. आणि मुक्ता, तू इथे आली होतीस तेव्हा माझ्या फळीवरच्या जुन्या स्टीलच्या ताटाच्या तळाशी असलेला तपकिरी-निळा डाग नखानं खरवडून पाहिला होतास. तो डाग त्याच निबंधाचा आहे.

आम्ही हिंगोलीत राहत होतो. बाबा वकील. शेती डोंगरकड्याला, तिथून ज्वारी, तूर आणि केळीचे घड बैलगाडीनं यायचे. हळद शिजवायच्या दिवसांत बाबा शेतावरून आले की त्यांच्या धोतराला तो कडवट ओला वास असायचा आणि हाताची नखं पिवळी असायची. घरात करडईच्या तेलाची फोडणी, अंबाडीची भाजी, खलबत्त्यात ठेचल्या जाणाऱ्या मिरचीचा ठसका. मागच्या अंगणात मोरी नावाची म्हैस, तिच्यासमोर आंबोणाचं, म्हणजे तिच्या खुराकाचं, दगडी डोणं. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली; घराची शिस्त तिच्या हातात. बाबांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, म्हणून ते घरातसुद्धा 'बराबर', 'मंजूर', 'तकलीफ' असं बोलत. पण इंग्रजीचं त्यांना भारी वेड. पोरगी कॉलेजात जाते आणि इंग्रजीत निबंध लिहिते, हे ते पक्षकारांनासुद्धा ऐकवत.

कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवायला पांगरेकर सर होते. बारीक, चष्मेवाले, बोलताना खडू चिमटीत फिरवत राहणारे. त्यांनी निबंध स्पर्धेचा विषय लावला, 'रूढी आणि विवेक', आणि एक अट सांगितली. "आपल्याकडं आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत होती. पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाचं म्हणणं. ते असं मांडायचं, की विरोधकानं म्हणावं, अरे, हे मलाही इतकं चांगलं सुचलं नसतं. मगच आपलं तोंड उघडायचं. कमजोर आक्षेपाला उत्तर देणं म्हणजे पडलेल्याला पाडणं." माझी मैत्रीण नसरीन, बांगड्यांच्या व्यापाऱ्यांची मुलगी, तिनं बालविवाह घेतला. कुणी हुंडा घेतला. मी रूढी घेतली ती बायकोनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची. सरांनी विषय पाहिला आणि चिमटीतला खडू फिरायचा थांबला.

"का घेतलास हा?"

"मला किळस येते, सर."

"मग हा निबंध होणार नाही," सर म्हणाले. "किळस हा पुरावा नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांची लोकांना किळसच येत होती. ती खरी होती, पोटातून येत होती. म्हणून ती बरोबर होती का?"

मला राग आला. पण आक्षेप भक्कम होता, म्हणून मी तो तसाच वहीत उतरवून घेतला. मुक्ता, तू आक्षेप शोधायला बसशील तेव्हा तुझ्या मनाला गोड वाटणारे शोधू नकोस. असा एखादा शोध, की ज्यानं तुझं जेवण उतरणार नाही.

बाकीचे आक्षेप मी घरातच गोळा केले. पहिला आक्काचा. ती जात्याशी बसली होती. मी विचारलं, "आक्का, आईनं बाबांच्या ताटातच काहून जेवायचं?"

"काहून म्हंजे? देवाम्होरं निवद ठिवतो, मंग आपुन खातो का न्हाई? त्यो परसाद. तसंच हे. नवरा म्हंजे बाईचा देव."

"पण देव नैवेद्याला हात लावत नाही आक्का. शेंगा चावून चोथे ठेवत नाही ताटात."

आक्का जातं थांबवून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं. "आगं बया! देवाला शेंगा कोन खाऊ घालतं गं, इमले? चल, पीठ भर."

खरे आक्षेप दिले ते बाबांनी. हे मला तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण बाबा दुष्ट नव्हते, आणि दुष्ट नसलेल्या माणसाची किळस येणं ही सर्वांत कटकटीची गोष्ट आहे. संध्याकाळी कोर्टातून आले की ते ओट्यावरच्या बाजेवर आडवे होत, तंबाखू मळत आणि मला म्हणत, "चला फिर्यादी पक्ष, उभे राहा." विषय काय आहे हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं. मी माझा मुद्दा वाचायचे आणि ते बचाव पक्षाचे वकील व्हायचे. असा वकील मी पुन्हा पाहिला नाही.

"अन्न पूर्णब्रह्म," ते म्हणाले. "ताटात उरलेलं फेकायचं? तिकडं लोक उपाशी. बायको ते वाया जाऊ देत नाही, ही काटकसर झाली. बोला."

"उरत नाही बाबा, ठेवलं जातं. तुम्ही किती जेवता ते आईला घासापर्यंत माहीत आहे. तेवढंच वाढलं तर काहीच उरणार नाही. पण बायकोसाठी ताटात काही ठेवायचं, हा रिवाज आहे म्हणून तुम्ही पोट भरायच्या आधी उठता. हे उरलेलं नव्हे, ठेवलेलं आहे."

बाबांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली, भिंतीकडे पिंक टाकली. "मंजूर. पुढचा. एका ताटात जेवणं हे प्रेमाचं लक्षण. तुझ्या नसरीनच्या घरी नाही का, मोठ्या तबकात चारजण हात घालतात? त्याची नाही येत किळस?"

मी त्यांच्या घरी जेवले होते. नसरीन, तिच्या बहिणी आणि आई एका तबकाभोवती मांडी घालून बसत आणि नसरीनची आई चांगला तुकडा बोटानं माझ्या बाजूला सरकवत असे. "नाही येत," मी म्हटलं. "कारण तिथे सगळे एकाच वेळी जेवतात. तबकात कुणाचं आधीचं आणि कुणाचं नंतरचं नसतं. प्रेम असेल तर ते दोन्हीकडून जाईल ना बाबा? मग एक दिवस आईनं आधी जेवावं आणि तुम्ही तिच्या ताटात बसावं."

"शी!" हे आक्का म्हणाली, दारातून. बाबा नव्हे. "काय बोलून राहिली ही पोरगी! बायकोचं उष्टं नवऱ्यानं खाल्लं तर आयुष्य सरतंया त्याचं!"

त्या 'शी'नं माझा निबंध मला सापडला. सर म्हणाले होते, किळस हा पुरावा नाही. बरोबर. मग मी माझी किळस निबंधातून काढून टाकली आणि त्यांची घातली. मी लिहिलं, की या रूढीचे पाठीराखे म्हणतात ही प्रेमानं चालते, प्रसादाच्या भावनेनं चालते, काटकसरीनं चालते. त्यांच्यासमोर फक्त ताटाची दिशा उलटी करून पाहा. प्रेम तेच, अन्न तेच, काटकसर तीच. तरी ते शिसारी येऊन मागे सरतील. म्हणजे ज्या भावनेवर ही रूढी उभी आहे ती प्रेम नाही. बायकोच्या तोंडाचा विटाळ आहे. विटाळाविरुद्धचा सरांचा आक्षेप आता माझ्या बाजूनं उभा होता. मी तो परिच्छेद वाचला तेव्हा बाबांनी बाजेच्या काठावर थाप मारली. "वा! साक्षीदार त्यांचाच, साक्ष आपल्या बाजूनं!"

मग त्यांनी शेवटचा आक्षेप घेतला, आणि तोही लहान नव्हता. "तुझी आई कधी नाही म्हणाली? जबरदस्ती कुणी केली? ती आपल्या खुशीनं बसते. तिच्या खुशीत दखल देणारी तू कोण?"

याला उत्तर द्यायला मला काही दिवस लागले. शेवटी मी लिहिलं, की जिथे 'नाही' म्हणायची सोयच नाही तिथल्या 'हो'ला वजन नसतं. खुशी आहे की नाही हे पाहायचं असेल तर शेजारी दुसरं स्वच्छ ताट मांडा, ते तिचं आहे असं सांगा, आणि मग ती कुठं बसते ते बघा. आमच्या घरात बाबांचं पितळी ताट होतं, आक्काची काठाची परात होती, माझी ताटली होती. आईचं ताट नव्हतं. बाबा शेतावर गेले की ती चुलीपुढे बसून भाकरी हातावर घ्यायची, भाकरीवर ठेचा, आणि तशीच खायची.

हे ऐकून बाबा बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "बचाव पक्षाकडं आता बोलायला काही नाही. निकाल तुझ्या बाजूनं." आणि त्यांनी आत हाक दिली, "अहो, वाढा!" थोड्या वेळानं तो फुरका ऐकू आला, मग बोटं, ढेकर, पाट. आणि आक्काची हाक.

निबंधाला पहिला क्रमांक मिळाला. त्या काळी आमच्याकडे बक्षीस म्हणून भांडीच देत, आणि स्टील तेव्हा नवलाचं होतं. शनिवारी मी ते ताट पदराखाली धरून घरी आणलं. काठावर यंत्रानं टिंबाटिंबांनी माझं नाव कोरलेलं. त्यात तोंड दिसायचं. बाबा डोंगरकड्याला गेले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. दिवेलागणीच्या आधी मी ते ताट घासून चुलीपुढे मांडलं आणि आईला म्हटलं, "बस. हे तुझं."

"येडी का काय? तुझं नाव हाय ना त्याच्यावर?"

"माझं आहे म्हणून तुला देतेय. बस गं."

आई बसली. मी भाकरी वाढली, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल, ठेचा एका बाजूला, कांदा एका बाजूला. ताटाचा मधला भाग मोकळा चकचकत होता. आईनं एक घास खाल्ला आणि तिची करंगळी सवयीनं ताटाच्या कडेला गेली, काहीतरी बाजूला सारायला. कडेला काही नव्हतं. ती आपल्याच बोटाकडं बघून हसली.

"कशावर लिव्हलं व्हतं गं तू, बक्षीस भेटाया?"

"ताटावर."

"ताटावर बी लिव्हत्यात?" आई म्हणाली आणि दुसरी भाकरी मागितली. दुसरी भाकरी मागताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. दारात आक्का उभी होती. 

रविवारी बाबांनी पांगरेकर सरांना आणि आपल्या दोन वकील मित्रांना जेवायला बोलावलं. सकाळपासून पुरणाचा वास, तळणाचा धूर, आणि बाबांना आवडतात म्हणून शेवग्याच्या शेंगांची आमटी. पानं मांडायच्या वेळी बाबांनी हुकूम सोडला, "आज मी पोरीच्या बक्षिसाच्या ताटात जेवणार!" आणि त्याबरोबर आक्का उठली. तिनं ते ताट फळीवरून काढलं, चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, पुन्हा चिंचेनं घासलं. मग चुलीतले दोन रसरशीत निखारे चिमट्यानं उचलून ताटात टाकले आणि ताट हलवून ते तळभर फिरवले.

"आक्का! काय करतेस?"

"शुद्ध करून राहिले. तुझी आई जेवली का न्हाई त्याच्यात काल? तुझ्या बाबाला वाढायचंय."

आई पोळी लाटत होती. तिनं मान वर केली नाही. स्टीलला आधी निळी, मग तपकिरी झाक आली, ढगासारखी पसरत गेली. आक्कानं निखारे चुलीत परत टाकले, ताट पुसलं आणि दिवाणखान्यात नेलं. बाबांनी डाग पाहिला. "हे काय झालं?" त्यांनी विचारलं. आक्कानं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. मी वाढायला दारात उभी होते, त्यामुळे मला बाबांचा चेहरा नीट दिसला. ते 'शी' म्हणाले नाहीत. त्यांनी मान हलवली, एवढंच. ठीक आहे, काम झालं, अशी. आणि पाटावर बसले.

जेवणाआधी त्यांनी निबंध वाचून दाखवला, सगळा, इंग्रजीत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यासारखा हात हलवत. समोर ते डागाळलेलं ताट मांडलेलं. ताटाची दिशा उलटी करण्याचा परिच्छेद आला तेव्हा त्यांनी आवाज चढवला आणि एक वकील म्हणाले, "क्या बात है!" स्वयंपाकघरात आईनं मला विचारलं, "काय म्हणून राहिले गं ते?"

"तुझ्याबद्दल म्हणतायत."

"माझ्याबद्दल? आन् विंग्रजीत काहून?"

मी पोळ्यांवर तूप सोडत राहिले. बाहेर टाळ्या वाजल्या. सर म्हणाले, "वकीलसाहेब, मुलीनं आक्षेपाला जागाच ठेवली नाही." दुसरे वकील म्हणाले, "आमच्या घरी मात्र हा निबंध पोचू देऊ नका बुवा!" आणि सगळे हसले. सरही हसले. मग सगळे जेवले. चार माणसांचे चार फुरके, चार ढेकरा. मी आमटी वाढत होते आणि चौघांच्या पानांत चोथ्यांचे ढीग वाढत होते, माझ्या सरांच्याही. मला त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी कुठल्याही तर्कशास्त्राच्या पुस्तकात नव्हती. जो आक्षेप घेतो त्याला उत्तर देता येतं. ज्याला पटतं आणि जो जेवत राहतो, त्याचं काय करायचं?

पुरुष हात धुऊन बाहेरच्या खोलीत सुपारीला बसले. पाटाची खरड झाली होती. "गोदे, बस आता," आक्का म्हणाली, "आज तर सोन्यासारखं ताट हाय." आई पदराला हात पुसत आली आणि पाटाशेजारी बसली. माझं नाव काठावर, डाग तळाशी, आणि त्या डागावर काला, पुरणाच्या पोळीचा चावलेला तुकडा, त्याला गुलाबी कड. आईची करंगळी चोथ्यांकडे गेली.

"आई, थांब."

मी ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत गेले. अडकित्ता चालू होता. मी विचारलं, "बाबा, हे कुणासाठी ठेवलंत?"

बाबांनी माझ्याकडे, मग मित्रांकडे पाहिलं आणि प्रेमानं हसले. ते प्रेमच होतं, त्याची शपथ घेऊन सांगते. "अगं, निबंध निबंधाच्या जागी. जेवण जेवणाच्या जागी. यात तकलीफ काय आहे?"

"तुम्हाला पटला ना निबंध?"

"सोळा आणे पटला!"

मी सरांकडे पाहिलं. सर सुपारीच्या खांडाकडे बघत होते.

मी वळले, माजघरातून, स्वयंपाकघरातून सरळ मागच्या अंगणात गेले आणि ताट मोरीच्या डोण्यात पालथं केलं. आक्का मागून धावत आली. "आगं, नवऱ्याचं ताट म्हशीला घातलं! अवलक्षनी! अन्नाचा शाप लागंल, गोदे, बघ तुझी पोरगी!" बाहेरच्या खोलीतला अडकित्ता थांबला होता. मला वाटलं आता बाबा येतील, निदान ओरडतील, निदान एक तरी आक्षेप घेतील. कुणी आलं नाही. थोड्या वेळानं अडकित्ता पुन्हा सुरू झाला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती भुकेली होती. पहाटेपासून तिनं पाणीसुद्धा नीट घेतलं नव्हतं. माझ्या हातातलं ताट रिकामं होतं, पण त्यावर बाबांच्या बोटांच्या रेघा होत्या, आणि ते धुऊन तिच्यासमोर मांडलं असतं तर आक्कानं पुन्हा निखारे आणले असते. आईनं ताटाकडं पाहिलं, मोरीकडं पाहिलं. मग ती चुलीपुढे जाऊन बसली, टोपल्यातली सकाळची भाकरी काढून डाव्या तळहातावर घेतली आणि म्हणाली, "इमल, ठेचा दे."

मी भाकरीवर ठेचा वाढला. ती हातावर जेवली, हळूहळू, दारात उभ्या असलेल्या आक्काच्या समोर.

दुसऱ्या दिवशी पाट खरडला, हाक आली, "गोदे, बस आता." आई चुलीपुढून हलली नाही. "तुमी बसा, आक्का. मी हातावर घेते." तिसऱ्या दिवशीही तेच. आक्कानं आदळआपट केली, शेजारणींना सांगितलं, एकदा जेवण सोडलं. आईनं वाद घातला नाही. तिला वाद येतच नव्हता. ती भाकरी हातावर घ्यायची आणि हात तर तिचा स्वतःचा होता, त्याला निखारा लावता येत नव्हता. पुढे माझ्या लग्नात मला नवऱ्याच्या ताटात घास उचलायला सांगितलं तेव्हा मीही हात पुढे केला आणि म्हटलं, इथे वाढा. तुमचे आजोबा शहाणे होते. त्यांनी दुसरं ताट मागवलं.

गेल्या महिन्यात वारंगा फाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. मुलगी इंजिनियर, मुलगाही इंजिनियर. फोटोग्राफरनं सांगितलं, "ताई, आता दादांच्या ताटातला घास घ्या, हां, स्माईल!" मुलानं दात लावलेला गुलाबजाम तिनं स्माईल देऊन खाल्ला, ड्रोन डोक्यावर घोंघावत होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी न जेवता उठून आले. मुक्ता, तू म्हणशील, आजी, ती दोघं एकमेकांना भरवतात हल्ली. तेही पाहूनच मी उठले होते. तिचा घास त्यानं खाल्ला नाही. शर्टावर सांडेल म्हणाला.

बाबांनी त्या रविवारबद्दल कधी विचारलं नाही. आई त्यांच्या ताटात बसत नाही हे त्यांना कळलं होतं की नाही, हेही मला आजतागायत माहीत नाही. माझा निबंध ते पुढेही लोकांना वाचून दाखवत. आणि रोज, ते होते तोवर, ताटात तेवढंच ठेवून उठत. काला, भाकरीचा तुकडा, कडेला चोथे. ते ताट मी मागे नेऊन डोण्यात पालथं करायचे, माझ्या लग्नानंतर आई करायची. मोरी भुकेली असली तरी घाई करत नसे. ती आधी वास घ्यायची, मग चोथे नाकानं एका बाजूला सारायची, आणि मगच खायला लागायची.